डिजिटल फळ्यावर जोडाक्षर का फुटते?

डिजिटल फळ्यावर बोटाने ‘किल्ला’ लिहिला, की वेलांटी आणि ‘क’ यांच्यामध्ये कधी कधी एक आगाऊ तिरपी रेघ उमटते. अक्षर वाईट असते म्हणून नव्हे. शाळांतल्या बऱ्याच फळ्यांचा पृष्ठभाग स्पर्श ओळखतच नाही. चौकटीच्या दोन बाजूंना इन्फ्रारेड दिवे आणि समोरच्या दोन बाजूंना संवेदक असतात. बोटाने आडवे-उभे किरण अडवले की जागा ठरते. हे किरण काचेच्या काही मिलिमीटर वरून जातात, त्यामुळे बोट थोडेसेच उचलले तर फळ्याच्या लेखी ते अजून टेकलेलेच असते. रोमन लिपीत हे फारसे जाणवत नाही. देवनागरीत काना, मात्रा, शिरोरेघ अशी सतत उचल असते. म्हणून प्रत्येक रेघेनंतर बोट सेंटिमीटरभर मागे घ्यावे. पदर, बांगडी किंवा टेकलेला तळहातही किरण अडवतो. चौकटीच्या खोबणीत खडूची धूळ साचली, तर न शिवताच ठिपके पडू लागतात. फळा बंद करून कोरड्या मऊ कापडाने खोबण पुसावी, फवारा मारू नये. प्रोजेक्टरवाल्या फळ्यावर रेघ बोटापासून दूर उमटत असेल, तर प्रोजेक्टर हललेला असतो. कॅलिब्रेशन, म्हणजे बोट आणि चित्र यांची जुळणी, पुन्हा करावे आणि त्या वेळी पडद्यावर दिसणाऱ्या फुलीच्या नेमक्या मध्यावर बोट टेकवावे.

दुसरी अडचण फळ्याची नाही, मजकुराची आहे. ‘किल्ला’ म्हणताना दोन अक्षरे, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरे साठवतो त्या सामायिक संकेतपद्धतीत, सहा खुणा: क, ि, ल, ्, ल, ा. शब्द आपोआप सुटा करणारी काही साधने या सहा खुणांच्या सहा पट्ट्या करतात आणि वेलांटी एका तुटक वर्तुळाला चिकटून समोर येते. पहिलीतल्या मुलाला ते वर्तुळ काय सांगणार? ‘कि’ आणि ‘ल्ला’ असे दोन वेगळे मजकूर-चौकोन हातानेच बनवावेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला धडा दुसऱ्या यंत्रावर उघडला तर निरर्थक चिन्हे दिसतात. पीडीएफ केल्यास अक्षरे शाबूत राहतात, पण शब्द सरकवता येत नाहीत. आणि सरकवता येत नसतील तर साधा फळा काय वाईट?

सरकवण्याचा खरा उपयोग सामान्यरूपासाठी, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे जे रूप होते त्यासाठी, होतो. डावीकडे घोडा, शाळा, नदी, गाव. मध्ये घोड्या-, शाळे-, नदी-, गावा-. उजवीकडे -ला, -त, -वर. प्रत्ययांच्या पट्ट्या अशा लावाव्यात की ओढली तरी मूळ प्रत जागेवर राहील, आणि पार्श्वभूमी लॉक करावी, नाहीतर पट्टीऐवजी अख्खे चित्र सरकते. ‘-ला’ थेट ‘घोडा’ला लावला तर ‘घोडाला’ असे काहीतरी डोळ्यांसमोर येते आणि मुले ते वाचताच हसतात. मग मधली पट्टी शोधायची. ‘नदी’ बदलत नाही, हे मुलांनाच सापडू द्यावे.

बरोबर उत्तराला टिंग वाजवणारी सोय मात्र बंद ठेवावी, नाहीतर मुले विचार न करता आवाज येईपर्यंत पट्ट्या फिरवत बसतात. फळ्याशी एक जण असताना बाकीच्यांनी आधी पाटीवर उत्तर लिहावे. लंडनमधल्या माध्यमिक शाळांत असे फळे बसवल्यानंतर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गुणांमध्ये ठळक वाढ आढळली नव्हती. उपकरण भिंतीवर आले म्हणून शिकवणे बदलत नाही, हे त्यातून दिसले.

अनेकवचनाचा खेळ थोडा अवघड. ‘मुलाला’ आणि ‘मुलांना’ यांतला अनुस्वार लिहिताना हमखास गळतो. तो सुटा टाइप केला तर पुन्हा तेच तुटक वर्तुळ येते. त्याऐवजी आकारांच्या यादीतून लाल भरीव ठिपका घ्यावा, तो ‘मुला-’च्या डोक्यावर ओढायला लावावा आणि तो बसल्यानंतरच ‘-ना’ जोडू द्यावा.