टीव्हीतला ट्यूनर आणि बाहेरचा बॉक्स: पार्श्वभूमी

भारतात एलसीडी टीव्ही घरोघरी पोहोचू लागला, तेव्हा डिजिटल प्रसारण पकडण्याचं काम त्याच्याकडे नव्हतंच. डिसेंबर २००४ मध्ये सरकारी मोफत डीटीएच (आताची फ्री डिश) सुरू झालं, सशुल्क कंपन्या वाढत गेल्या. मग २०१२च्या ऑक्टोबरअखेर मुंबईचं आणि मार्च २०१३ नंतर पुणे, नागपूर, नाशिकचं केबल सेट टॉप बॉक्सवर गेलं. सिग्नल उलगडायचा बॉक्सने आणि टीव्हीने फक्त चित्र दाखवायचं, अशी वाटणी झाली. त्यातही बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरीने जोडला जाई. मग ५७६ ओळींचं चित्र १३६६ × ७६८च्या पडद्यावर ताणलं जाई, ४:३चे चेहरे रुंद दिसत आणि बोल लागे टीव्हीला.

अमेरिकेने १ मार्च २००७ पासून देशात येणाऱ्या प्रत्येक नव्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडून उलगडणारा भाग, सक्तीचा केला आणि २००९ मध्ये मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग बंद केलं. आधी ट्यूनर, मग बंदी. आपल्याकडे ही सक्ती कधी आलीच नाही, आणि पुढचा सगळा गुंता त्यातूनच झाला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ पद्धतीचं जमिनीवरून होणारं प्रसारण १६ शहरांत सुरू झालं. त्यांत मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होतं. साधा, आखूड दांड्यांचा यूएचएफ अँटेना लावून, महिन्याला पैसे न भरता चालणारी ही सोय. पण ती पकडायला टी२ ट्यूनर हवा, आणि उत्पादक म्हणत की मोजक्या सरकारी वाहिन्यांसाठी जादा खर्च कशाला? प्रसारणाच्या बाजूचं म्हणणं, टीव्हीच नाहीत तर वाहिन्या वाढवायच्या कोणासाठी? दोघांचंही म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच नियमाने कोंडी फोडायला हवी होती. ती फुटली नाही. मार्च २०२२ पर्यंत बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद झाले, तेव्हा टी२ बऱ्याच जिल्ह्यांत पोहोचलेलंही नव्हतं. जिथे ते पोहोचलं होतं तिथेही गच्चीवरचा लांब दांड्यांचा व्हीएचएफ अँटेना तसाच ठेवून लोक वाहिन्या शोधत. डिजिटलमध्ये सिग्नल कमी पडला की मुंग्या येत नाहीत. चित्राचे चौकोन होतात, नाहीतर पडदा काळा राहतो. त्यामुळे अँटेनाचा दोष ट्यूनरवर ढकलला जाई.

केबलचं वेगळंच. डीव्हीबी-सी, म्हणजे केबलचा डिजिटल ट्यूनर असलेला टीव्ही केबलवाल्याच्या वाहिन्या शोधून यादीही दाखवतो, पण त्या कूटबद्ध असल्याने चालत नाहीत. २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने प्रत्येक डिजिटल टीव्हीला खुलं पोर्ट असावं, म्हणजे सेवा बदलली तरी बॉक्स बदलावा लागू नये, अशी शिफारस केली. शिफारसच ती.

२०२२ मध्ये उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक आलं. तेही ऐच्छिक. अशा टीव्हीला छत्रीची वायर थेट लागते आणि फ्री डिशच्या मोफत वाहिन्यांना बॉक्सची गरज पडत नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे महाराष्ट्रातून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे. मेनूत एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) ‘युनिव्हर्सल’ (९७५०/१०६००) निवडायचा आणि एलएनबीचा वीजपुरवठा चालू ठेवायचा. तो बंद राहिला तर काहीच मिळत नाही. या पुरवठ्यात १३ आणि १८ व्होल्टमधला बदल नीट झाला नाही तर एकाच ध्रुवणाच्या, म्हणजे फक्त उभ्या किंवा फक्त आडव्या लहरींवरच्या वाहिन्या येतात. ट्यूनर नुसता डीव्हीबी-एस (उपग्रह प्रसारणाची जुनी पद्धत) असेल तर जुन्या एमपीईजी-२ प्रकारच्या वाहिन्या सापडतात, एस२ या नव्या पद्धतीच्या प्रवाहातल्या एमपीईजी-४ वाहिन्या नाहीत. सशुल्क डीटीएच मात्र एस२ असूनही त्या कंपनीच्या बॉक्सशिवाय दिसणार नाही.

खोक्यावरच्या ‘डिजिटल’ किंवा ‘एचडी रेडी’वरून यातलं काहीच कळत नाही, स्मार्ट टीव्ही म्हणजे इंटरनेट, ट्यूनर नव्हे. दुकानात टीव्ही मागून पाहावा. आटे असलेलं एफ-टाइप सॉकेट बहुधा उपग्रहाचं. ढकलून बसणारं गुळगुळीत सॉकेट अँटेनाचं, पण ते अ‍ॅनालॉग टीव्हीलाही असतं. म्हणून टी२साठी सॉकेटवर विसंबू नये. मेनूत वाहिन्या शोधताना एटीव्ही (अॅनालॉग) आणि डीटीव्ही (डिजिटल) असे दोन पर्याय येतात का ते बघावं आणि माहितीपुस्तिकेत ‘डीव्हीबी-टी२’ ही अक्षरं शोधावीत.