माजी सैनिकांच्या वारसांसाठी अपिलाची मुदत (अमेरिका)

अमेरिकेत सैनिक सेवेत असताना, किंवा सेवेत जडलेल्या आजाराने वा इजेने पुढे मरण पावला, तर त्याचा जोडीदार, मुले आणि गरजू आई-वडील यांना वेटरन्स अफेअर्स विभागाकडून दरमहा करमुक्त भत्ता मिळू शकतो. ‘डीआयसी’ या नावाने तो ओळखला जातो. अर्ज नामंजूर झाल्यावर दाद मागण्याची आजची पद्धत २०१७ च्या अपील सुधारणा कायद्याने घालून दिली. ती १९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे.

मूळ मुदत एक वर्षाची. ती निर्णयपत्रावरच्या तारखेपासून मोजतात, पाकीट कधी फोडले यावरून नाही. या वर्षात वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागता येते (तिथे नवा पुरावा चालत नाही), नव्या पुराव्यासह पूरक दावा करता येतो किंवा अपील मंडळाकडे जाता येते. पूरक दावा वर्ष उलटल्यावरही घेतात. त्यामुळे मुदत हुकली की हक्कच गेला, असे नाही. बुडते ती थकबाकी. मृत्यूनंतर वर्षाच्या आत पहिला अर्ज केलेला असेल तर भत्ता मृत्यूच्या महिन्यापासून लागू होतो, पण उशिरा केलेल्या पूरक दाव्यात हिशेब सहसा त्या दाव्याच्या तारखेपासून सुरू होतो. दोन स्त्रिया एकाच सैनिकाची कायदेशीर पत्नी म्हणून पुढे आल्या, तर मंडळाकडे जायला जेमतेम ६० दिवस मिळतात.

मंडळाने नाकारले तर माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीचे खास न्यायालय आहे. १९८८ च्या कायद्याने ते स्थापन झाले. तिथली मुदत १२० दिवसांची. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेले डेव्हिड हेंडरसन १५ दिवस उशिरा पोहोचले आणि त्यांचे अपील फेटाळले गेले. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चालू असतानाच ते वारले. पत्नी डोरेथा यांनी लढा पुढे नेला. १ मार्च २०११ रोजी निकाल एकमताने त्यांच्या बाजूने लागला: ही मुदत महत्त्वाची खरी, पण ती चुकली म्हणून न्यायालयाचा अधिकारच संपत नाही. उशीर माफ होण्याची वाट त्यामुळे खुली झाली, तरी गंभीर आजारासारखे सबळ कारण दाखवावेच लागते.

डोरेथांसारखा प्रसंग विभागाच्या पातळीवरही येतो. निकालाआधीच सैनिक वारला, तर पात्र वारसाला त्याच्या जागी उभे राहून तोच दावा पुढे चालवता येतो. त्यासाठीचा अर्ज मृत्यूपासून वर्षाच्या आत करावा लागतो.