काच धन, एबोनाइट ऋण: घरच्या स्थितिक विद्युत प्रयोगांमागे काय घडले

फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवणे, कंगव्याने कागदाचे कपटे उचलणे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर प्रकल्पवहीत हमखास येणारे वाक्य मात्र न तपासता उतरवले जाते: रेशमावर घासलेल्या काचेवर धनप्रभार, लोकरीवर घासलेल्या एबोनाइटवर (कडक केलेल्या काळ्या रबरावर) ऋणप्रभार. वाक्य बरोबर आहे. पण कोणत्या प्रभाराला धन म्हणायचे हे निसर्गाने सांगितलेले नाही, ते माणसांनी ठरवले, आणि त्या निर्णयावर दीर्घकाळ वाद झाला.

१७३३ मध्ये फ्रान्समध्ये दिसून आले की घासलेल्या काचेची वीज आणि घासलेल्या राळेची वीज निराळ्या वागतात. एका जातीच्या दोन वस्तू एकमेकींना दूर लोटतात, निराळ्या जातीच्या ओढतात. चौदा वर्षांनी, १७४७ मध्ये, फिलाडेल्फियाहून वेगळा विचार मांडला गेला: वीज एकच, फक्त ती एका वस्तूतून दुसरीत जाते, वाढली तिथे धन, घटली तिथे ऋण. घासलेल्या काचेत ती वाढते असे गृहीत धरले गेले. ते पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते.

‘काचेची वीज’ ही कल्पना तर लवकरच डळमळली. १७५४ मध्ये लंडनच्या एका शाळामास्तराने दाखवले की खरखरीत केलेली काच फ्लॅनेलवर घासली की ऋण होते आणि तेल लावलेल्या रेशमावर घासली की धन. म्हणजे चिन्ह एकट्या वस्तूचे नसते, ते जोडीचे आणि पृष्ठभागाचे असते. शालेय प्रकल्पांत आजही सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते.

१७५९ मध्ये लंडनमध्येच दोन प्रकारच्या विजेची बाजू पुन्हा मांडली गेली, तीही घरगुती प्रयोगावरून. एकाच पायात एकावर एक घातलेले पांढरे आणि काळे रेशमी मोजे काढून वेगळे केले की दोन्ही फुगत आणि एकमेकांकडे झेपावत. दोन काळे मात्र एकमेकांपासून दूर सरत. प्रयोग चोख होता, तरी एक वीज की दोन, याचा निकाल त्यातून लागला नाही. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला आणि तो ठरला ऋण. रेशमावर घासलेली काच काही मिळवत नाही, इलेक्ट्रॉन गमावते. तोवर दीडशे वर्षांची कोष्टके आणि उपकरणे जुन्या चिन्हांवर उभी होती, त्यामुळे चिन्हे तशीच राहिली. आमच्या मते ते योग्यच झाले, कारण चिन्हे उलटल्याने एकाही प्रयोगाचा निकाल बदलत नाही. मात्र घन वस्तूंच्या आकृतीत धनप्रभार उड्या मारताना दाखवणे टाळावे.

मोज्यांचा तोच प्रयोग सेलोटेपने करता येतो. टेबलावर एक पट्टी पक्की चिकटवून ठेवा. तिच्यावर १२ सेंमीच्या दोन पट्ट्या एकावर एक लावा. दोन्हींची टोके दुमडून ‘खालची’ आणि ‘वरची’ असे लिहा. जोडी एकत्रच उचला आणि तिच्यावरून बोट फिरवा, म्हणजे आधीचा प्रभार निघून जाईल. ही पायरी गाळली तर निकाल भलताच येतो. मग पट्ट्या झटकन वेगळ्या करा. त्या एकमेकींकडे वळतील. आता लोकरीवर घासलेला, वायरिंगसाठी वापरतात तो ३० सेंमीचा पीव्हीसी पाइप जवळ न्या. तो ऋण असतो, म्हणून जी पट्टी दूर सरते ती ऋण. आकर्षणावरून चिन्ह ठरवू नका, कारण प्रभार नसलेली पट्टीही ओढली जाते. वरची पट्टी ऋण की खालची, हे टेपच्या प्रकारानुसार बदलते.

बाकीची साधनेही जुनीच आहेत. सोन्याच्या पानांचा विद्युतदर्शी, म्हणजे बाटलीत तारेला टांगलेली दोन पाने फाकून प्रभार दाखवणारे साधन, १७८७ चा. घरी त्याच्यासाठी ४ सेंमी लांब आणि अर्धा सेंमी रुंद ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या चालतात. त्या चुरगळलेल्या नकोत. पुठ्ठ्याचे झाकण दमट झाले की प्रभार निसटतो, म्हणून तार प्लास्टिकच्या झाकणातून घ्यावी. १७७५ मध्ये इटलीत प्रसिद्ध झालेल्या इलेक्ट्रोफोरस या पुन्हा पुन्हा प्रभार देणाऱ्या साधनाचे घरगुती रूप तर याहून सोपे: थर्माकोलचा तक्ता लोकरीने अर्धा मिनिट घासा, त्यावर प्लास्टिकची मूठ चिकटवलेली स्टीलची ताटली ठेवा, ताटलीला क्षणभर बोट लावून काढा आणि मुठीने उचला. ताटली धन होते आणि बोट जवळ नेल्यावर काही मिलिमीटरची ठिणगी देते. बोट लावायचे राहिले तर ठिणगी जवळजवळ येतच नाही.

१ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे जुन्या प्रकल्पपुस्तकांतली यादी जशीच्या तशी उपयोगी नाही. कागदी स्ट्रॉ ओलावा धरते, तिच्यावर प्रभार टिकत नाही. तिच्याऐवजी पीव्हीसी पाइप, आणि तक्त्यासाठी यंत्रांच्या खोक्यांत आलेले थर्माकोल वापरावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बहुतेक प्रयोग फसतात. वस्तू हेअर ड्रायरने सुकवून लगेच प्रयोग केला तर जमतो. थंडीच्या कोरड्या दिवसांत त्याचीही गरज पडत नाही.

कोणती वस्तू धन आणि कोणती ऋण, याची पहिली क्रमवारी १७५७ मध्ये छापली गेली. तेव्हापासूनच्या अशा याद्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. २०११ मध्ये दिसले की प्रभारित पृष्ठभागावर धन आणि ऋण असे दोन्ही प्रकारचे सूक्ष्म ठिपके मिसळलेले असतात. २०२५ मध्ये सिलिकोन रबराच्या एकसारख्या तुकड्यांवर आढळले की जास्त वेळा स्पर्श झालेला तुकडा कमी वेळा स्पर्श झालेल्याच्या तुलनेत ऋण होतो. म्हणून वहीत वस्तूच्या नावाबरोबर घासलेले कापड, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, आणि तुकडा नवा की वापरलेला, हेही लिहायला हवे.