ग्वामचा गव्हर्नर वॉशिंग्टनहून पाठवतात का?

"ग्वाम बेटावर अजूनही अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षच गव्हर्नर नेमतो, तिथल्या लोकांना मतच नाही" असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण एकेकाळी खरंच तसं होतं. १८९८ च्या युद्धात अमेरिकेने स्पेनकडून पॅसिफिक महासागरातलं हे बेट घेतलं, ते आजही अमेरिकेच्याच ताब्यात आहे, आणि १९४९ पर्यंत नेव्हीचे अधिकारीच गव्हर्नर व्हायचे (मधे १९४१ ते ४४ जपानचा ताबा, लोकांनी फार सोसलं त्यात), मग सिव्हिलियन गव्हर्नर आले पण नेमणूक राष्ट्राध्यक्षाचीच. १९६८ ला कायदा झाला, १९७० ला पहिली निवडणूक, आणि जानेवारी १९७१ पासून गव्हर्नर लोकांनीच निवडलेला असतो.

तपासायचं असेल तर गव्हर्नरांची यादी काढून बघा, सुरुवातीच्या काळात कॅप्टन, कमांडर असे हुद्दे आणि माणसं पटापट बदललेली दिसतील, १९७१ नंतर मात्र सरळ चार-चार वर्षांच्या टर्म.

मताचं म्हणाल तर गोंधळ इथे होतो: १९५० पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, तरी राष्ट्राध्यक्ष निवडायला त्यांना मत नाही, आणि मला तरी हे अन्यायाचंच वाटतं. पण गव्हर्नर ते स्वतःच निवडतात.