घरं मोबाइलवर आली म्हणून एजंट संपला?

ऑनलाइन जाहिराती सुरू झाल्यापासून एक समज पसरलाय: घरं मोबाइलवर दिसतात, मग एजंट हवा कशाला? हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत घरांच्या किमतींचे अंदाज दाखवणारी झिलो ही वेबसाइट २००६ मध्ये सुरू झाली. पुढे तिने संगणकी अंदाजाच्या आधारे स्वतःच घरं विकत घ्यायचा धंदाही केला. किमतींचे अंदाज चुकत गेले, तोटा वाढला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा गुंडाळण्याची घोषणा करावी लागली.

संपलं ते वेगळंच. फक्त पत्ता माहीत असणं, एवढ्यावर चालणारी दलाली आता टिकत नाही, आणि ते योग्यच आहे. फोटोत खोली प्रशस्त दिसते. कपाटामागची ओल, बाल्कनीखालचा जनरेटर किंवा फेडलेलं कर्ज कागदोपत्री अजून बंद न झाल्याचं मात्र दिसत नाही. तिथे जाणकार माणूस लागतो. म्हणून एजंटांच्या कार्यालयांनी जाहिरातींची संख्या मिरवण्यापेक्षा कागदपत्रांची तपासणी, लगतच्या खऱ्या व्यवहारांचे भाव आणि घरातले दोष आधीच सांगायला हवेत. दोष लपवून झालेला सौदा ऐनवेळी मोडतो, हा रोजचा अनुभव आहे.

मोबदल्याचंही तसंच. अमेरिकेतल्या रिअल्टर, म्हणजे घरांच्या एजंटांच्या, संघटनेच्या नियमानुसार १७ ऑगस्ट २०२४ पासून, खरेदीदाराला घर दाखवण्याआधीच एजंटाला त्याच्याशी मोबदला नमूद करणारा लेखी करार करावा लागतो. नियम नसेल तिथेही पहिल्याच भेटीत किती, कशाचे आणि कधी द्यायचे, हे कागदावर लिहून द्यायला कुणाचीच आडकाठी नाही.