लिनक्सवरील प्रिंटर-जोडणी

लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या संगणकाला प्रिंटर जोडणे, त्याच्या नावाने छपाईची रांग उभी करणे आणि त्या रांगेला योग्य ड्रायव्हर (मजकूर प्रिंटरच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) देणे, ही प्रक्रिया. बहुतेक लिनक्स वितरणांत (लिनक्सच्या वापरास तयार संचांत) हे काम ‘कप्स’ या मुद्रणप्रणालीकडे असते. रांग उभी करण्याची रीत परिचित आहे : सेटिंगमधला प्रिंटरचा विभाग, नाहीतर ब्राउझरमधून संगणकाचे ६३१ क्रमांकाचे पोर्ट. अडते ते ड्रायव्हरपाशी.

पूर्वपीठिका : युनिक्स या लिनक्सच्या पूर्वसुरी कार्यप्रणालीवर छपाईच्या दोन परंपरा होत्या, तिच्या सिस्टिम फाइव्ह शाखेची ‘एलपी’ आणि बर्कली शाखेची ‘एलपीडी’. एलपीडीचा संदेशनियम १९९० मध्ये आरएफसी ११७९ या दस्तऐवजात नोंदला गेला. दोन्हींचा जन्म ओळीमागून ओळ छापणाऱ्या यंत्रांच्या काळातला, त्यामुळे कागदाचा आकार, रंग, दुतर्फा छपाई यांची विचारपूस प्रिंटरकडे करण्याची सोय त्यांत नव्हती. मायकेल स्वीट यांनी १९९७ च्या सुमारास कप्सचे काम हाती घेतले, तेही आधी एलपीडीच्याच पायावर. पुढे ते आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) या, प्रिंटरकडे अशी विचारपूस करू देणाऱ्या, नव्या संदेशनियमाकडे वळले आणि १९९९ मध्ये कप्स बाहेर आले. ॲपलने २००२ मध्ये ते आपल्या मॅक ओएस एक्स १०.२ मध्ये घेतले व २००७ मध्ये त्याची मालकी मिळवली. कप्सच्या प्रसाराचे श्रेय अनेकदा ॲपलला दिले जाते. मँड्रेकसारख्या वितरणांनी मात्र ते त्याआधीच स्वीकारले होते. त्यामुळे मालकापेक्षा आयपीपीचा वाटा मोठा मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमच प्रिंटरपाशी झाला, अशी एक रूढ कथा आहे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी भर घातली होती. कागद अडकला की खोळंबलेल्यांना तसा निरोप जाई. झेरॉक्सकडून आलेल्या नव्या लेसर प्रिंटरच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता (सोर्स कोड) मात्र त्यांना मिळाली नाही. हा प्रसंग साधारण १९८० च्या आसपासचा धरतात. ग्नू या त्यांच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा २७ सप्टेंबर १९८३ ची आहे, आणि दरम्यान लिस्प यंत्रे (लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी घडवलेले संगणक) बनवणाऱ्या कंपन्यांकडे सहकारी निघून गेल्याने ती प्रयोगशाळा जवळजवळ रिकामी झाली होती. तेव्हा प्रिंटरला निमित्त म्हणावे, एकमेव कारण म्हणू नये.

ड्रायव्हरचे स्वरूप : छापायचे पान सामान्यतः पीडीएफ रूपात कप्सकडे येते. एकामागून एक गाळण्यांतून (फिल्टर) जाऊन त्याचे ठिपक्यांच्या चित्रात आणि मग प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत रूपांतर होते. प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा जाणत असेल, तर त्याचे गुणधर्म सांगणारी एक पीपीडी फाइल पुरे. पोस्टस्क्रिप्ट न जाणणाऱ्या यंत्रांसाठी पीटर डॉईच यांचे घोस्टस्क्रिप्ट (१९८८) उपयोगी पडले. इंकजेटसाठी गुटेनप्रिंट हा ड्रायव्हर-संच आहे.

खरा पेच स्वस्त लेसर प्रिंटरांचा. त्यांत पान रचण्याचे काम संगणकावर सोपवलेले असते आणि संगणक-प्रिंटरमधली भाषा कंपनीची खाजगी असते. एचपी लेसरजेट १०२० हे याचे बोलके उदाहरण. या यंत्रात त्याचे फर्मवेअर (यंत्र चालवणारा अंतर्गत प्रोग्रॅम) कायमचे साठवलेलेच नसते. दर वेळी वीज सुरू केली की संगणकाने ते नव्याने चढवावे लागते. ‘फू-टू-झेडजेएस’ हा स्वतंत्र ड्रायव्हर ते काम करतो. एचपीच्या ‘एचपीलिप’ या ड्रायव्हर-संचात त्यासाठी बंदिस्त प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) घ्यावे लागते, आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळली नाही की यंत्र मुके. सिस्टिम अपडेट झाल्यावर कालपर्यंत चालणारा प्रिंटर बसतो तो बहुधा यामुळे. प्लगइन पुन्हा चढवणे हा त्यावर उपाय. कॅननच्या एलबीपी २९०० ची भाषा ‘कॅप्ट’ हीदेखील अप्रकाशित आहे.

इंदुरातील वापर : होळकरांच्या काळापासून मराठी वस्ती असलेल्या या शहरात संगणक-साहित्याचा व्यापार आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलच्या परिसरात एकवटला आहे. टंकलेखनाच्या दुकानांत हिंदी मजकूर प्रायः कृतिदेव फाँटात असतो, मराठी कधी श्रीलिपीत. लिनक्सवर अशी फाइल छापली आणि ‘महारा’ऐवजी ‘ई-जी-के-जे-के’ ही रोमन अक्षरे उमटली, तर दोष ड्रायव्हरला लावला जातो. वस्तुतः कृतिदेवमध्ये देवनागरी आकार रोमन कळांवर बसवलेले असतात. फाँट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. फाँट अंतर्भूत करून पीडीएफ घ्यावी आणि तीच छापावी, हे उत्तम. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी पद्धत) मजकुराची साधी फाइल थेट ‘एलपी’ आज्ञेने छापल्यास कप्सची मजकूर-गाळणी जोडाक्षरे नीट रचत नाही, ऱ्हस्व वेलांटीही जागा सोडते. लिब्रेऑफिसमधून छापल्यास ही अडचण येत नाही.

ड्रायव्हररहित मुद्रण : ॲपलचे एअरप्रिंट (२०१०) आणि आयपीपी एव्हरीव्हेअर या आयपीपीवर आधारलेल्या मानकांमुळे प्रिंटर स्वतःच आपले गुणधर्म सांगतो व ठराविक स्वरूपातले पान स्वीकारतो. ‘आयपीपी-यूएसबी’ या प्रोग्रॅमने ही सोय तारेने जोडलेल्या नव्या यंत्रांनाही मिळाली. कप्सच्या तिसऱ्या आवृत्तीत पीपीडी फाइलींना जागा ठेवलेली नाही. जुन्या प्रिंटरांसाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ हे मध्यस्थ प्रोग्रॅम योजले आहेत. जाळ्यावरचे प्रिंटर आपोआप शोधण्याची किंमतही आहे : सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कप्स-ब्राउझ्ड’ या घटकात गंभीर त्रुटी उघड झाल्या. ज्या संगणकाला एकच प्रिंटर तारेने जोडलेला आहे, तिथे तो घटक बंद ठेवला तरी छपाई अडत नाही.