फॉलिक ॲसिड सुरू करायचं तरी कधी?

टेस्टवर दोन रेषा दिसल्या की आधी घरात सांगायचं, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट, ती बऱ्याचदा सातव्या-आठव्या आठवड्यात मिळते आणि तिथे फॉलिक ॲसिड लिहून मिळतं. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ते ज्या कामासाठी मुख्यतः घ्यायचं ते काम तोवर उरकलेलं असतं.

कसं ते सांगते. आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, त्यामुळे पाळी चुकली त्या दिवशी कागदावर चार आठवडे भरले तरी गर्भ असतो जेमतेम दोन आठवड्यांचा. पुढच्या काही दिवसांत त्याच्या पाठीच्या बाजूला पेशींचा एक सपाट पट्टा तयार होतो, त्याच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात आणि मधोमध येऊन एकमेकींना चिकटतात, कागदाची सुरळी करावी तशी. ही न्यूरल ट्यूब, हिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. गर्भ राहिल्यापासून साधारण २८व्या दिवसापर्यंत ती बंद होते, खालच्या बाजूला कुठे उघडी राहिली तर स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष), डोक्याकडे राहिली तर अनेन्सेफली (मेंदू आणि कवटी पूर्ण न बनणं). पेशी इतक्या भराभर वाढायच्या तर नवा डीएनए लागणार आणि तो बनवायला फोलेट लागणार (हे एक ब जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड म्हणजे त्याचंच गोळीतलं रूप). शिवाय गोळी आज घेतली आणि उद्या रक्तात पातळी भरली असं होत नाही, त्याला काही आठवडे जातात.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ७ देशांतल्या ३३ केंद्रांमधल्या चाचणीचा निकाल दिला. आधीच्या गरोदरपणात बाळाला न्यूरल ट्यूबचा असा दोष झालेल्या बायकांना ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. बाकी बहुतेकींना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, पण ते मूल हवंय असं ठरल्यापासून, निदान महिनाभर आधीपासून, आणि पुढे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. पाकिटावर मिलिग्रॅम लिहिलंय की मायक्रोग्रॅम ते नीट बघा, कारण ५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्याच्या साडेबारा पट, ती डॉक्टरने सांगितली तरच.

मी भरपूर पालेभाज्या खाते मग गोळी कशाला, असं बऱ्याच जणी म्हणतात. खाच, पण फोलेट पाण्यात उतरतं, उष्णतेने नासतं, आणि जेवणातलं गोळीतल्यापेक्षा कमी शोषलं जातं.

उलटा घोटाळा म्हणजे जास्त घेतलं की जास्त चांगलं असं वाटणं. दोन वेगवेगळी मल्टिव्हिटॅमिन एकदम चालू असतील तर रेटिनॉलच्या रूपातल्या अ जीवनसत्त्वाची बेरीज करून बघा, रोज १०,००० आययूच्या (पाकिटावर IU लिहिलेलं असतं, ते जीवनसत्त्व मोजायचं एकक) वर गेलं तर बाळात व्यंग होण्याचा धोका असतो, लिव्हरमध्ये रेटिनॉल भरपूर असतं म्हणून तर या काळात ते खाऊ नका म्हणतात. भाजीतल्या बीटा कॅरोटिनची (शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं) ती भीती नाही.

आणि ते "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा", तर पहिल्या तीन महिन्यांत वरचं खाणं जवळपास लागतच नाही, त्यामुळे मळमळीने घास उतरत नसेल तर लगेच घाबरू नका. पण पाणीसुद्धा टिकत नसेल तर डॉक्टरकडे जा. लोहाच्या गोळीने ही मळमळ वाढू शकते, तेव्हा ती गुपचूप बंद करण्यापेक्षा वेळ किंवा डोस बदलून मागा. आणि ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलंच जात नाही, लिंबूपाण्यासोबत मात्र चांगलं शोषलं जातं.